आगबोटीच्या पोटातला माणूस

माझ्या गावाला, ताडकळसला, समुद्र नाही. आमचा फायरमन पूर्णा जंक्शनवरचा: मीटरगेजच्या इंजिनात, डोक्याला रुमाल बांधून, भट्टीत फावड्याने कोळसा मारणारा. भट्टीचं दार उघडलं की त्याचं तोंड लालभडक दिसायचं, मिटलं की पुन्हा अंधारात. लहानपणी त्याला पाहताना वाटायचं, याहून कष्टाचं काम नसेल. होतं. त्याला निदान वारा लागत होता.

जहाजावरच्या फायरमनला आपले खलाशी आगवाला म्हणत. त्याच्या हाताखाली कोठारातून कोळसा ओढून आणणारा कोयलावाला, बरोबर यंत्रांना तेल घालणारा तेलवाला, वर टिंडल आणि सगळ्यांवर सारंग. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे पुष्कळ, जेवणघरात गोव्याचे आणि भट्टीपाशी बहुधा पंजाबी आणि पठाण. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. कोळसा नुसता फेकून भागत नसे. तो सारखा पसरायचा, लांब गजाने आग हलवायची, जळून घट्ट झालेला खंगर ओढून काढायचा. पगार मात्र ब्रिटिश खलाशाच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा. 1939 साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले. अनेकांना तुरुंगात टाकलं, पण शेवटी पगार वाढवावाच लागला. ही हिंमत मला फार मोलाची वाटते.

युद्धात या कामाला नवंच वजन आलं. वाफ कमी पडली की बोट ताफ्याच्या मागे राहायची आणि मागे राहिलेली बोट पाणबुडीला आयती सापडायची. आग नीट जळली नाही तर काळा धूर निघायचा, तो कोसांवरून दिसायचा. म्हणजे वरच्या सगळ्यांचा जीव या माणसाच्या फावड्यावर होता. पाणतीर लागला तर सगळ्यांत आधी धोका त्यालाच, कारण भट्टीची जागा पाण्याच्या पातळीखाली. दिवे जात, वाफेच्या नळ्या फुटत आणि वर यायला फक्त लोखंडी शिड्या.

मुंबईहून 20 नोव्हेंबर 1942 रोजी सुटलेली ‘तिलावा’ ही बोट आफ्रिकेकडे निघाली होती. बोटीवर 958 माणसं. 23 तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने पाणतीर मारला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून काही जण होड्यांतून परत वर चढले. मग दुसरा पाणतीर लागला. 280 जण गेले, त्यांत खलाशीही होते. वाचलेल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने उचलून मुंबईला आणलं.

फायरमन म्हटलं की मुंबईत 14 एप्रिल 1944 आठवतो, गोदीतल्या स्फोटात गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान. त्यांची आठवण दर वर्षी निघते, निघायलाच हवी. आगवाल्याची निघत नाही. आपल्या भाषेने बोटीला नाव दिलं आगबोट, आणि ती आग पेटती ठेवणाऱ्याला मात्र आपण विसरलो.

दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी खलाशी गेले. समुद्रात गेलेल्याला कबर नाही, चिता नाही. त्यांची नावं एका ग्रंथात लिहिली आहेत. त्या ग्रंथाच्या दोन प्रती केल्या. एक मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीघरात ठेवली आणि दुसरी आताच्या बांगलादेशातल्या चितगावच्या युद्धदफनभूमीत. कोकणातला खलाशी आणि तिकडच्या सिल्हेटचा खलाशी, दोघेही दोन्ही प्रतींत आहेत.