धडपडी नायिका

जपानी मांगात, म्हणजे तिथल्या कॉमिक्समध्ये, आणि ॲनिमे मालिकांत एक मुलगी वारंवार भेटते. सपाट जमिनीवर ती अडखळते, चहाचा ट्रे पाहुण्याच्या अंगावर उपडा करते, शाळेला उशीर झाला म्हणून धावत सुटते आणि वळणावर कुणावर तरी आदळते. जपानी वाचक तिला ‘दोजिक्को’ म्हणतात. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावातली मुलेही टीव्हीवर ‘डोरेमॉन’मधला नोबिता पाहतात, त्याचीच ही बहीण शोभावी. फरक एकच. नोबिता आळशी आहे, ही मात्र जिवापाड मेहनत करते.

पात्राची सगळी मदार या मेहनतीवर असते. काम नीट व्हावे म्हणून तिची जी धांदल उडते, तीच चूक घडवते. कप फुटतो, पण कुणाला खरी इजा होत नाही; माफी मागता मागता ती पुन्हा अडखळते. उद्धट मुलीच्या हातून तोच कप फुटला तर वाचक हसणार नाही.

सर्वांत गाजलेले उदाहरण नाओको ताकेउची यांच्या ‘सेलर मून’ या मांगाचे. 1992 मध्ये त्याची ॲनिमे मालिका सुरू झाली. नायिका उसागी चौदा वर्षांची, रडूबाई आणि रोज शाळेत उशिरा पोचणारी. परीक्षेत तीस गुण मिळालेला पेपर ती चुरगाळून भिरकावते आणि तो नेमका पुढे ज्याच्याशी तिची प्रेमकथा जुळायची त्या मामोरूच्याच डोक्यावर बसतो. जग वाचवण्याची जबाबदारी अशा पोरीवर पडते, म्हणून तर शाळकरी वाचकांना ती जवळची वाटली. ‘वन पीस’ या मांगातली ताशिगी वेगळी: नौदलातली तरबेज तलवारबाज, पण चष्मा सावरता सावरता धडपडणारी. तिच्या कौशल्याची धार या धडपडीमुळे जरा बोथट होते आणि ती माणसात येते.

पुढे याचा साचा झाला. समीक्षक हिरोकी आझुमा यांनी 2001 च्या पुस्तकात दाखवले, की चाहते पात्रांकडे सुट्या गुणांची जुळणी म्हणून पाहतात: मांजराचे कान, चष्मा, मोलकरणीचा पोशाख. धांदरटपणाही त्याच यादीत जाऊन बसला. ‘हारुही सुझुमिया’ कथांत नायिका हारुही भित्र्या मिकुरूला मोलकरणीचा पोशाख घालून चहा द्यायला लावते, इतकेच नव्हे तर अधूनमधून सांडायलाही सांगते. साच्याची याहून चांगली थट्टा क्वचितच झाली असेल. मुलगी जितकी असहाय तितकी गोड, हा त्यामागचा हिशेब मात्र खटकणाराच आहे.

मराठी विनोदात धांदरटपणाचा हा मान पुरुषाकडे गेला. चिं. वि. जोशींचे चिमणराव फजितीचे धनी, आणि दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ते घराघरांत पोचवले. जपानी साचाही निव्वळ मुलींचा उरलेला नाही. ‘वन पीस’मधला धिप्पाड रोसिनांते सिगारेट पेटवताना स्वतःचा खांदा पेटवून घेतो, आणि आपण दोजिक्को आहोत हे स्वतःच सांगतो.