शहराचा नकाशा आणि भाताचे खाचर

शहराच्या अन्नाचा कारभार कोठे चालतो, असे विचारले तर बाजार समिती, शिधावाटप कार्यालय, दाणाबाजार अशी उत्तरे मिळतात. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र त्याचे मोठे निर्णय नगररचनेच्या नकाशावर आणि धरणाच्या पाणीवाटपात होत आले आहेत.

पेण, उरण व अलिबाग तालुक्यांच्या खारपट्ट्यात भातशेती बांधाच्या आधाराने उभी आहे. खाडीकडील बाहेरकाठा भरतीचे पाणी अडवतो. ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर पडते. पूर्वी या बांधांची डागडुजी गावकरी सामुदायिक श्रमाने करीत. पुढे ही जबाबदारी शासनाच्या खारभूमी विभागाकडे गेली. बांध फुटला की जमिनीत क्षार मुरतात आणि ते धुऊन निघण्यास काही पावसाळे लागतात. दुरुस्ती लांबली तर शेतात कांदळवन वाढते, आणि मग ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कायद्यानेही अवघड होते.

गोड्या पाण्याची कथाही अशीच आहे. पेण तालुक्यातील हेटवणे धरण सिंचनासाठी आखले गेले. आज त्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या घराघरांत पोहोचते. कालव्यांची कामे मात्र दीर्घकाळ रखडली. याच लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन देण्याविषयी शेतकऱ्यांचे मत मतपेटीतून आजमावले. बहुसंख्यांचा कौल नकाराचा होता. प्रकल्प मागे पडला, शेते राहिली.

तोच प्रश्न आता नव्या रूपाने समोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवनगर वसविण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. या नकाशात खाचराला कोणता रंग मिळतो, यावर महानगराच्या अगदी जवळच्या भाताचे भवितव्य ठरेल. २०१५ साली इटलीतील मिलान येथे शंभराहून अधिक शहरांनी नागरी अन्नधोरणाचा करार स्वीकारला. नगराने आपल्या अन्नाचा विचार भोवतालच्या शेतीसह करावा, असे त्याचे सूत्र आहे.

व्यापारी कुटुंबांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. ज्या घराची पेढी धान्यावर उभी राहिली, त्याच घराची बचत पुष्कळदा भूखंडात गुंतते. जमिनीचा सौदा एकदाच होतो. धान्याचा व्यवहार दर हंगामाला होतो आणि हमाल, गिरणीवाला, पोहे करणारा अशा अनेकांची चूल पेटती ठेवतो. प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मांडण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. तेथे भूखंडाच्या दराबरोबरच बांध, उघाडी आणि सिंचनाच्या पाण्याविषयीही व्यापारी संघांनी लेखी म्हणणे नोंदविले, तर शेतकऱ्याच्या शब्दाला दाणाबाजाराचे बळ मिळेल.