14 मिनिटांचा हिशेब

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे येथील धावपट्टीपासून वेंगुर्ले तालुक्यातील चिपीच्या धावपट्टीपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजल्यास सुमारे 115 किलोमीटर भरते. मुंबईचे विमानतळ येथून सुमारे 235 किलोमीटर. सत्तरेक आसनांचे पंख्याचे विमान ताशी 500 किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर पहिल्या मजलेस 14 मिनिटे लागतील आणि दुसरीस 28. शाळेत आम्ही मुलांना काळ, काम व वेगाची अशीच उदाहरणे घालीत असू, आणि उत्तर बरोबर आले म्हणजे पाठही थोपटीत असू. त्या उदाहरणांत वारा नसे, ढग नसत, आणि उतारूला घरून निघावे लागत नसे.

प्रत्यक्षात विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते, मग वळते, मग चढते. चिपीसारख्या जवळच्या मजलेत ते पुरते उंच जाते न जाते तोच उतरणीस लागावयाचे. मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या आल्या. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच उपयोगी पडते. अशा रीतीने 28 मिनिटांचा सहज पाऊण तास होतो. त्यात तासभर आधी हजर राहणे, सामानाची वाट पाहणे आणि उतरल्यावर गिरगाव किंवा डोंबिवली गाठणे मिळवा. राजापूरच्या माणसाला तर मुंबईस जाण्यासाठी प्रथम रत्नागिरी गाठावयाची आहे. सगळा प्रवास चार-पाच तासांचा झाला! 1998 साली पूर्णपणे सुरू झालेल्या कोकण रेल्वेची वेगवान गाडीही मुंबईस पोचविण्यास याहून फार अधिक वेळ घेत नाही.

म्हणून विमान नको, असे आम्ही म्हणत नाही. अत्यवस्थ रोग्याच्या नातलगांना वाचलेल्या एका तासाचे मोल काय असते, हे कोकणात कोणी कोणास सांगावयास नको. पण त्या तासाचा भरवसा हवा. चिपीचे विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी मोठ्या थाटाने उघडले. 'उडान' योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून विमान कंपनीची तूट सरकार भरून देते, परंतु तीन वर्षांपुरतीच. ती मुदत सरली आणि 2024 च्या ऑक्टोबरात चिपीहून मुंबईची ती सेवा थांबली. अंतर तेच होते, मिनिटेही तीच होती; विमान मात्र नव्हते.

जुन्या आगबोटीची येथे आठवण होते. पावसाळ्यात ती बंद राही, पण बंद राहणार हे बंदरावरच्या पोरासही ठाऊक असे. लग्नकार्ये, कोर्टाच्या तारखा, मुलांचे मुंबईस जाणे, सारे त्या बेताने ठरे. न येणारी बोट परवडे. येईल की नाही हे न कळणारी परवडत नसे.

तेव्हा रत्नागिरीच्या विमानसेवेविषयी बोलणाऱ्यांना आमचे विचारणे इतकेच: आठवड्यातील नेमके कोणते दिवस? आषाढात ढग खाली आले आणि विमान रद्द झाले, तर उतारूची सोय काय? विमानाच्या वेळेस राजापूर, लांजे, संगमेश्वरहून एस. टी. मिळणार काय? आणि चौथ्या वर्षी तूट कोण भरणार?