होडीचा कार्बोरेटर फेकू नका, आधी उघडा

धामणकर नाक्यावरील उड्डाणपुलाखालून आत वळले की एका बाजूला यंत्रमागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला गॅरेजमधील पाने-हातोड्यांचा आवाज. अशाच एका छोट्या गॅरेजात, स्कूटर-रिक्षांच्या गर्दीत, होडीचे जुने पेट्रोल इंजिन भिंतीला टेकवून ठेवलेले आम्हाला दिसले. नाक्यावर होडीचे इंजिन कसे, असे वाचकांना वाटेल. पण भिवंडी म्हणजे केवळ माग नव्हेत. शहराला लागून कामवारी नदी आहे आणि अंजूर फाट्याकडून ठाण्याच्या रस्त्याला लागले की काल्हेर-कशेळीची खाडी येते.

इंजिन खाडीकाठच्या एका वयस्कर गृहस्थांचे होते. दोन पावसाळे ते झोपडीत पडून राहिले. दोरी ओढून ओढून हात दुखले, पण इंजिन काही बोलेना. एका दुकानात त्यांना पूर्ण कार्बोरेटर बदला असे सांगण्यात आले. पण इतक्या जुन्या मॉडेलचा माल बाजारात मिळेना. शेवटी भाच्याने इथे आणून टाकले. मिस्त्री म्हणाला, "मामा, आधी उघडून तर बघू. फेकायला कितीसा वेळ लागतो?"

इथे एक खुलासा. समुद्रात जाणाऱ्या मोठ्या मासेमारी बोटींना डिझेल इंजिन असते, त्यात कार्बोरेटर नसतोच. होडीच्या पाठीला टांगायच्या जुन्या पेट्रोल इंजिनात तो असतो. त्याचे काम स्कूटरच्या कार्बोरेटरसारखेच. आत हवेची वाट एका ठिकाणी अरुंद होते. तिथे हवा वेगाने धावते, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटमधून वर ओढले जाऊन हवेत मिसळते. वाटीत फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरले की तो निडल वर दाबून वाट बंद करतो. घरातल्या पाण्याच्या टाकीचा बॉल कॉक आठवा, अगदी तसेच.

म्हणजे सगळा खेळ त्या बारीक भोकाचा. वाटी उघडली तेव्हा तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकट थर होता. उभे राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे हा डिंक उरतो. कडेला पांढरी भुकटी होती. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झीज. जेटवर हिरवट थर. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते हे आमच्या माय-भगिनींना सांगायला नको, तीच ही जात. त्यात खारे पाणी शिरले की ॲल्युमिनियम आणि पितळ यांची जोडी एकमेकांना टेकून बसल्याने ॲल्युमिनियम आणखी लवकर खाल्ले जाते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, २०२५ सालापासून २० टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन वाटीच्या तळाशी बसते. पूर्वीपेक्षा आता पेट्रोल साठवून ठेवणे अधिक महाग पडते ते यामुळे.

मिस्त्रीने घाई केली नाही. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो आत घट्ट होईपर्यंत किती फेरे जातो ते मोजून खडूने फळीवर लिहिले. हे न करणारा पुढे तासभर चुकत बसतो. रबरी वायसर, गॅस्केट आणि फ्लोट बाजूला ठेवले, कारण क्लीनर स्प्रेने रबर फुगते. मग धातूचे भाग गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुतले, मऊ ब्रशने घासले, वाळवून त्यावर स्प्रे मारला आणि कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक वाटेतून सोडली. हवा मारताना डोळ्यांना चष्मा हवाच, उडालेला कण डोळ्यात जातो. पांढरी भुकटी न निघालेल्या जागी पाणी मिसळलेला व्हिनेगर लावला, तो दहा मिनिटे, समोर बसून. एकदा आम्ही घरी असाच एक कार्बोरेटर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला होता. सकाळी तो स्वच्छ होता खरा, पण धातू काळा पडून खरबरीत झाला होता. कॉस्टिक सोडा तर या धातूला मुळीच लावू नये. तो ॲल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो. संडास धुण्याचे ॲसिडही तसेच घातक.

आता जेट. इथेच बहुतेकांची चूक होते. भोक बुजले की लोक स्टीलची तार किंवा टाचणी घालतात. भोक केसभर मोठे झाले तरी पेट्रोल जास्त जाते, प्लग काळा पडतो, धूर येतो आणि खिसा रिकामा होतो. मिस्त्रीने जेट स्प्रेमध्ये भिजत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याने हळूच मोकळा केला. उजेडाकडे धरून पाहिले तेव्हा भोक गोल दिसले. निडलच्या टोकावर मात्र रेघ पडली होती. ती बदलावी लागली. फ्लोट कानाजवळ हलवून पाहिला, आत पेट्रोलचा आवाज नव्हता. गॅस्केट नवीन बसवले. जुने वाचवण्यात शहाणपण नाही, तिथून पेट्रोल गळते.

हे काम घरच्या स्वयंपाकघरात कोणी करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या शेगडीपर्यंत पोहोचते. उघड्या अंगणात बसा, विडी दूर ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. धुतलेले भांडे पुन्हा चुलीवर चढता कामा नये.

ही कला जाणणारे हात आता कमी होत आहेत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, तेव्हापासून नव्या दुचाकींत बहुतेक इंजेक्शनच असते. नवी पोरे संगणक लावून दोष शोधतात. त्यातही कौशल्य आहे, पण जुन्या गाड्या आणि जुन्या होड्या अजून रस्त्यावर आणि खाडीत आहेतच.

तिसऱ्या दिवशी इंजिन गॅरेजबाहेर पाण्याने भरलेल्या ड्रमात उभे केले. पाण्याविना चालवले तर त्याचा पंप जळतो. पहिल्या दोन ओढींना नुसती खोकल्यासारखी ढास लागली. तिसरीला धूर आणि मग सरळ धडधड. मामांनी दोरी सोडली नव्हती, ती हातातच धरून ते ड्रमातले पाणी बघत राहिले. मिस्त्रीने त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. खाडीतून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवायचे. आणि पडून राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून वाटी कोरडी होईपर्यंत चालवायचे, म्हणजे ते आपोआप बंद पडेल. मामांनी भाच्याला विचारले, "ऐकलंस ना?" भाचा म्हणाला, "ऐकलं, पण पेट्रोलचे पैसे तूच दे."