भंगारात न विकले जाणारे प्लॅस्टिक

घरातल्या प्लॅस्टिकची वर्गवारी भंगाराच्या दुकानातला काटा करतो. फुटकी बादली, तेलाचा कॅन, पाण्याची बाटली यांना किलोमागे भाव मिळतो, म्हणून त्या रस्त्यावर पडल्या तरी कचरावेचक उचलतात. वेफर्सचे पाकीट, शांपूची पुडी, भाजीची पातळ पिशवी यांना कोणी विचारत नाही. पुडीत वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे, अनेकदा ॲल्युमिनिअमचेही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. पातळ पिशव्या किलोभर जमवायच्या तर शेकडो वेचाव्या लागतात, त्यातून त्या ओल्या कचऱ्याने बरबटलेल्या असतात. १९५० ते २०१५ या काळात जगभर सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झाले. त्यातून निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुनर्प्रक्रियेला गेला. बिनभावाचे प्लॅस्टिक गटारात पडून राहते आणि समुद्रापर्यंत पोचणाऱ्या घरगुती कचऱ्यात त्याचाच भरणा मोठा असतो. तेव्हा घरातला वापर कमी करायचा तर पहिली कात्री तिथेच लागायला हवी.

मुंबईत हा प्रवास सरळ दिसतो. गटारातून नाल्यात, नाल्यातून मिठी नदीत, तिथून माहीमच्या खाडीत. आठ महिने नाल्यात साचलेले जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाहून निघते. वाहिले नाही तर तुंबते: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याची वाट अडवणाऱ्या गोष्टींत प्लॅस्टिकच्या पिशव्याही होत्या.

खाडीच्या तोंडाशी या कचऱ्याची गाठ कोळ्यांशी पडते. बोंबील, जवळा, मांदेली यांच्यासाठी लावलेली डोल जाळी एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जे आणील ते तिच्यात शिरते. मासळीबरोबर पिशव्याही येतात. त्या निवडण्यात वेळ जातो, जाळे जड होते, फाटते. शहराने फेकलेल्या पिशवीची खरी किंमत अशी कोळीवाड्यात मोजली जाते, आणि तिची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही. पावसाळी उधाणात समुद्र यातले थोडे परतही करतो. मरीन ड्राइव्हवर, दादर-वर्सोव्याच्या किनाऱ्यांवर लाटा कचऱ्याचे ढीग आणून टाकतात. बाकीचे तिवरांच्या मुळांत अडकते, तळाशी बसते किंवा दूर जाते. पाण्यावर तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते आणि ते ती गिळते. उन्हाने आणि लाटांनी प्लॅस्टिक कुजत नाही, नुसते तुटत जाते. पाच मिलिमीटरहून लहान झालेल्या तुकड्यांना सूक्ष्मप्लॅस्टिक म्हणतात. ते वेचून काढणे कोणाच्याही हातात राहत नाही. म्हणून किनारा-सफाई मोलाची असली तरी नाल्याच्या अलीकडे थांबवलेली पिशवी तिच्याहून मोलाची.

कायद्याने हा धागा ओळखला आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, पेले यांना मनाई केली आणि त्या वर्षअखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. जाड पिशवी फुकट देणे दुकानदाराला जड जाते, ती पुन्हा वापरता येते आणि भंगारातही चालते. पुड्या आणि पाकिटे मात्र या बंदीत आली नाहीत.

ती उणीव काही प्रमाणात घराला भरून काढता येते. शांपू, कॉफी, डिटर्जंट यांच्या पुड्यांऐवजी मोठी बाटली किंवा डबा घेणे हा सर्वांत परिणामकारक बदल. अर्थात रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला एक-दोन रुपयांची पुडीच परवडते. त्यामुळे ही अपेक्षा आधी ज्यांना बाटली परवडते त्यांच्याकडून. मासळी, मटण, इडलीचे पीठ आणायला डबा नेला की सर्वांत घाण होणारी पिशवीच टळते. भाजीला जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी उत्तम, कारण नव्या सुती पिशवीच्या कापसाला आणि विणाईला लागलेले पाणी व ऊर्जा ती अनेकदा वापरल्याशिवाय वसूल होत नाही. दुधाची पिशवी भंगारवाला घेतो, पण कापलेला कोपरा सुटा झाला की तो हरवतो; काप अर्धवट देऊन तो पिशवीलाच राहू द्यावा. ‘विघटनशील’ असे छापलेल्या पिशवीवर भिस्त ठेवू नये. अशा बऱ्याच पिशव्यांना कुजायला कारखान्यातल्या खत-प्रकल्पाची सुमारे ६० अंशांची उष्णता लागते, आणि ती खाडीत मिळत नाही.

निर्माल्याची गोष्ट वेगळी. फुले, दूर्वा, पत्री पाण्यात कुजतात. ती ज्या पिशवीत बांधून पुलावरून सोडली जातात ती तशीच राहते. निर्माल्य कलशात किंवा घरच्या कुंडीत रिकामे केले की पिशवी हातातच उरते, धुऊन पुन्हा वापरण्यासाठी.