एकूण टक्केवारीचा चकवा

आपल्याकडे ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी; ब्रिटनमध्ये पदवीला साधारण ७० लागतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरचा मुलगा तिथून ६५ टक्के घेऊन आला तर खुशाल पेढे वाटावेत, पण ती तिथली वरची द्वितीय श्रेणी!

खरी गंमत पुढे आहे. तिथल्या स्थानिक आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या निकालांची तुलना करताना कोण कोणता विषय घेतो, हे आधी पाहावे लागते. समजा, दोन्ही गटांत शंभर-शंभर जण आहेत. स्थानिकांपैकी ८० गणिताला, २० कायद्याला. परदेशींचे नेमके उलट. गणितात स्थानिक ४० जण (५० टक्के) आणि परदेशी ११ जण (५५ टक्के) प्रथम श्रेणीत आले. कायद्यात स्थानिक २ (१० टक्के), परदेशी १२ (१५ टक्के). दोन्ही विषयांत परदेशी सरस. आता बेरीज करा: स्थानिक ४२, परदेशी अवघे २३! परदेशींची गर्दी कायद्यात, जिथे प्रथम श्रेणीच दुर्मीळ.

याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये त्यावर लिहिले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात ४४ टक्के पुरुष अर्जदारांना प्रवेश मिळाला, स्त्रियांना ३५ टक्के. पक्षपाताची शंका आली. विभागवार तपासल्यावर दिसले की, स्त्रियांचे अर्ज जास्त करून कमी जागांच्या, चुरशीच्या विभागांकडे गेले होते.