दार उघडण्यापूर्वीचे दहा सेकंद

ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या खोलीच्या दारावर बाहेरून एक कॅमेरा रोखलेला आहे, अशी कल्पना करा. तो जे पाहतो ते चित्रमुद्रण यंत्र रात्रंदिवस साठवीत राहते. प्रतिसेकंदास २० लाख बिट एवढ्या माफक गतीने साठविले, तरी एका दिवसाचा संग्रह २१.६ गिगाबाइट होतो. आणि त्यातील बहुतेक भाग म्हणजे निश्चल दाराचे चित्र! चोरी झालीच, तर हवा तो क्षण या ढिगाऱ्यातून कोणी उपसायचा? म्हणून यंत्राला इशाऱ्याची जोड देतात. दार उघडताच इशारा मिळावा आणि तेवढा काळ ‘घटना’ म्हणून वेगळा नोंदला जावा, अशी ही योजना होय.

इशारा देणारे साधन अगदी लहान असते. काचेच्या बारीक नळीत निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन लवचिक पट्ट्या असतात. लोहचुंबक जवळ असेतोवर त्या एकमेकींस चिकटून राहतात. तो दूर गेला की सुटतात. हा स्विच वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत शोधून काढला. नळी चौकटीवर आणि चुंबक दारावर बसवितात.

येथे मराठी वाचकाची मोठी पंचाईत होते. आपण दिवा ‘बंद’ झाला म्हणतो तेव्हा प्रवाह थांबलेला असतो. विद्युत्-शास्त्रात मात्र ‘बंद मंडल’ म्हणजे ज्यातून प्रवाह वाहू शकतो असे अखंड मंडल. इशाऱ्याची तार जोडल्यावर, हे मंडल ‘एरवी उघडे’ की ‘एरवी बंद’, ते यंत्राला सांगावे लागते. दार लावलेले असताना आपल्या पट्ट्या जुळलेल्या असतात, म्हणून दुसरा पर्याय योग्य. पहिला निवडला, तर यंत्र लावलेल्या दारालाच संकट समजते आणि चोर आत शिरताच निर्धास्त होते!

‘एरवी बंद’ मंडलाचा आणखी एक लाभ आहे. ऑगस्टस पोप या अमेरिकन संशोधकाने १८५३ साली विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. तिच्यात दार उघडले की मंडल जुळे व घंटा वाजे. कल्पना नामी खरी. परंतु अशा मंडलाची तार आधीच कापली, तर घंटा मुकी होते. ‘एरवी बंद’ मंडलाची तार कापणे मात्र यंत्राच्या लेखी दार उघडण्यासारखेच.

तथापि सर्वांत मोलाची सोय पूर्वमुद्रणाची, असे आम्हांस वाटते. इशारा मिळतो तेव्हा दार उघडून झालेले असते. ते किल्लीने उघडले की पहारीने, हे त्याआधीच घडून गेलेले! यासाठी यंत्र शेवटचे काही सेकंद आपल्या स्मृतीत सतत फिरते ठेवते. नवे चित्र आले की सर्वांत जुने पुसले जाते. इशारा येताच हा तुकडा घटनेच्या आरंभी जोडला जातो. वरील हिशेबाने दहा सेकंदांना अवघे अडीच मेगाबाइट पुरतात.

घटनेनंतर मुद्रण किती वेळ चालावे, कोणत्या वेळांत इशारा मानावा, कर्णा वाजावा की नाही, हे ज्याने त्याने सोयीनुसार ठरवावे. यंत्राचे घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेशी काटेकोर जुळविलेले हवे. मग एकदा स्वतः दार उघडून ती वेळ टिपून ठेवावी आणि नोंद काढून पाहावी. चित्राचा आरंभ उघड्या दारापासून होत असेल, तर पूर्वमुद्रण चालू झालेले नाही.